मुठीतली खडीसाखर

२६ ऑगस्ट, मंगळवार

हर्षाच्या बोटात अंगुस्तान जाईना. साडीला फॉल लावताना सुई टोचू नये म्हणून बोटावर घालायची ती पितळी टोपी. तिच्या आईची आहे, लग्नात सोबत घेऊन आली होती. संध्याकाळी मी दुकानातून आलो तेव्हा टोपी तळहातावर घेऊन बसली होती.

"टोपी आटली जी," म्हणाली.

पितळ कुठे आटतं? मी तिचा हात हातात घेऊन पाहिला. बोटांचे शेंडे फुगल्यासारखे झालेत आणि नखं पळीच्या पाठीसारखी गोल वर आलीत. म्हटलं, सूज असेल. आज हरतालिकेचा उपास, दिवसभर पाणीही नाही, त्यानेच असेल. हल्ली जिना चढली की तिला दम लागतो. उपास एवढे करते तरी अंगाने भरत चालली आहे.

परवा पहाटे एक वेगळंच पाहिलं. स्वयंपाकघरात उभी राहून डब्यातला गूळ खात होती. हिला गोडाचं तोंड कधीच नव्हतं. मला पाहून डबा पटकन झाकला, चोरी पकडल्यासारखा. मी हसलो. हसायला नको होतं असं आता वाटतं.

ही डायरी सुरतेचा व्यापारी आमच्या शेठला देतो आणि ताराचंद शेठ आम्हा सगळ्यांना वाटतात. मी सीताबर्डीच्या बाजारात त्यांच्या दुकानात गादीवर बसून साड्या दाखवतो. गावच्या शाळेतले गुरुजी सांगायचे, रोज चार ओळी लिहा पण खोट्या लिहू नका. रोज जमत नाही. खोटं लिहीत नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

यमुताईंकडे महालक्ष्म्या होत्या. आमच्या बेसा वस्तीत आमच्यापासून तिसरं घर त्यांचं. यजमान गेले, दोन्ही मुलं परदेशात, पण महालक्ष्म्यांच्या थाटात काही कमी करत नाहीत. सोळा भाज्या, पुरण, आंबील, फुलोरा. हर्षा पहाटेपासून तिथे राबत होती, तीही उपाशी. नैवेद्याला उशीर झाला. आरती सुरू झाली आणि हर्षा डोलायला लागली. चेहऱ्यावरून घाम ओघळत होता. डोळे उघडे होते, पण ते कोणाकडेच पाहत नव्हते. हात थरथरत होते.

स्वयंपाकाला आलेली कांताबाई ओरडली, "माय आली वं! महालक्ष्मी आली अंगात!"

बायका भराभर पाया पडल्या. यमुताईंनी तिच्या कपाळाला मळवट भरला आणि हात जोडून विचारलं, "आई, काय पाहिजे तुला?"

हर्षा म्हणाली, "मले घरी ने."

आवाज तिचाच होता, पण खूप लांबून आल्यासारखा. यमुताई माझ्याकडे वळल्या. "ऐकलंत नानाजी? तुमच्या घरी यायचं म्हणते आहे." मग त्यांनी खडीसाखरेचा प्रसाद तिच्या तोंडात घातला. थोड्या वेळाने हर्षा शांत झाली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "सगळ्या अशा काहून पाहून राहिल्या? पुरण करपलं का?"

आमच्या गावाच्या शिवेवर, कळमेश्वरच्या पुढे, देवीचा शेंदूर लावलेला दगड आहे. आईचं बोट धरून मी तिथे जायचो. तेव्हापासून आजवर दिव्याचा एक दिवस चुकवला नाही. हर्षाला अगरबत्ती लावायचीसुद्धा आठवण करून द्यावी लागते. मग माझ्याकडे न येता ती हिच्याकडे का आली? असा विचार करणं पाप आहे. पण आला, म्हणून लिहिला.

९ सप्टेंबर, मंगळवार

पुन्हा झालं, या वेळी घरीच, पहाटे. मी आंघोळ करून आलो तर हर्षा पलंगावर बसून भिंतीकडे पाहत होती. अंग घामाने निथळत होतं. हाक मारली तर ओ नाही. मी देवघरातली खडीसाखर आणली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नान्या, दार लाव. थंडी वाजून राहिली मले."

नान्या! मला या नावाने माझी आई बोलवायची, दुसरं कोणी नाही. आईला जाऊनही बरीच वर्षं झाली. हर्षाने आजवर मला अरे-तुरे केलेलं नाही. मी तिथेच साष्टांग नमस्कार घातला.

मग दार लावलं. साखर तोंडात दिली. जिभेवर विरघळली तशी ती हळूहळू परत आली आणि विचारू लागली, "तुम्ही खाली काहून पडले जी?"

देवी प्रसाद घेते आणि निघून जाते. दर वेळी असंच होतं.

१४ सप्टेंबर, रविवार

आमच्या मुलीचा, वेदिकाचा पुण्याहून फोन आला. यमुताईंनी तिला काहीतरी सांगितलेलं दिसतं.

"बाबा, आईच्या अंगात येते म्हणे? तुम्ही काय करून राहिले तिथे?"

"काही नाही बेटा. नमस्कार करतो."

"नमस्कार! डॉक्टरकडे न्या तिला. आज. चक्कर येत असेल तिला."

नेलं. चौकातल्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्त तपासलं, रक्तदाब घेतला. साखरही पाहिली. आम्ही जेवून गेलो होतो, सगळं ठीक निघालं. म्हणाले, या वयात बायकांना असं होतं, घाम येतो, चिडचिड होते. ताकदीच्या गोळ्या दिल्या. दम लागतो म्हटल्यावर वजन कमी करायला सांगितलं.

वेदिकाला कळवलं. बरं म्हणाली, पण समाधान झाल्यासारखी नाही. कंपनीत कामाला लागल्यापासून तिला सगळं मोजून पाहिजे असतं. मला वाटतं, काही गोष्टी मोजायच्या नसतात.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. आज पांढरा रंग. दुकानात पांढऱ्या साड्यांची इतकी गर्दी की गादीवर पाय ठेवायला जागा नव्हती. नऊ दिवसांचे नऊ रंग कोण ठरवतं देव जाणे, पण शेठ त्याला रोज हात जोडतात.

यमुताईंचं म्हणणं, जिच्या अंगात येते तिने नवरात्र कडक धरावं. दिवसभर काही नाही, दिवेलागणीला एकदा फराळ. मी हर्षाला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"तुम्ही म्हणता तर धरते," म्हणाली.

पहाटे गल्लीतल्या पाच-सहा बायका आल्या होत्या. देवी पहाटेच येते हे आता सगळ्यांना माहीत झालं आहे. ओटी भरतात, आपापलं दुखणं सांगतात. कोणाच्या सुनेला मूल नाही, कोणाचा नवरा पितो. हर्षा तुटक-तुटक काही बोलते, त्याचा अर्थ यमुताई लावतात. लोभापायी करत नाहीत त्या. डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या. एकट्या बाईला बोलायला कोणी मिळालं आहे असं मला वाटून गेलं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज बायका यायच्या आधीच आली. घरात आम्ही दोघंच होतो.

जे विचारायचं किती दिवस मनात होतं ते विचारलं. धंदा नाही, वेदिकाचं लग्न नाही. पायाशी बसून म्हटलं, "आई, हर्षा सुखी आहे का?"

ओठ कोरडे पडले होते. मग म्हणाली, "तिलेच विचार नं."

मी हात जोडून बसून राहिलो. यमुताई असत्या तर अर्थ लावला असता. मला वाटलं, देवी माझी परीक्षा पाहते आहे, उत्तर मलाच शोधायला सांगते आहे. साखर दिली. दुकानाला उशीर होत होता, आज पिवळा रंग. हर्षाने डबा भरून हातात दिला. मी तो घेतला आणि निघालो.

२८ सप्टेंबर, रविवार

दुपारी हर्षा ओट्या आवरत होती. नारळ, खण, ब्लाऊजपीस, चार साड्या. साड्या मी हाताने ओळखल्या, त्यातली एक मीच कोणाला तरी विकली होती. तिने पदरावरून हात फिरवला.

"माल चांगला आहे जी?"

"चांगला आहे."

"मले आजवर तुम्ही डागी पीसच आणले," म्हणाली आणि हसली. टोमणा होता की गंमत, कळलं नाही. दुकानात ज्या साडीला विणीचा दोष असतो ती आम्हाला स्वस्त मिळते. डाग निऱ्यांत लपतो. मी नेहमी तेच आणत आलो.

मग म्हणाली, "सकाळी मी काही बोलते का हो?"

"तू नाही बोलत. ती बोलते."

"काय बोलते ती?"

मी म्हटलं, "आशीर्वाद देते सगळ्यांना." पूर्ण खोटं नाही हे, पण खरंही नाही. डायरीत खरं लिहिलं आहे, तोंडाने सांगितलं नाही.

ती खणाच्या घड्या घालत राहिली. "मोठमोठ्या बाया पायाशी बसतात. खोटं कायले बोलू, बरं वाटते मले. आजवर कोण बसलं होतं पायाशी? पण जी, मले भेव वाटते. मधला वेळ कुठं जाते तेच समजत नाही. जाग येते तं अंग असं मोडून येते, जसं कोणी कांडलं."

मी म्हटलं, देवीचं तेज माणसाच्या देहाला झेपत नाही, म्हणून होत असेल. आई असंच सांगायची.

"असंन बापा," म्हणाली.

३० सप्टेंबर, मंगळवार

दवाखान्यातून लिहितो आहे. डायरी पिशवीत कशी आली आठवत नाही.

आज अष्टमी. पहाटे घर भरलं होतं, सगळ्या गुलाबी साड्यांत. हर्षा पाटावर बसली होती, घामाने भिजलेली, नेहमीपेक्षा जास्त थरथरत होती. मी खडीसाखर मुठीत घेऊन पुढे झालो. यमुताईंनी हात आडवा केला.

"थांबा नानाजी. प्रसाद दिला की ती जाते. आज अष्टमी आहे, आज बोलू द्या तिला."

मी थांबलो.

हर्षा माझ्या मुठीकडे पाहत होती. आता डोळे मिटले की तेच दिसतं. बाकी कुठे नाही, माझ्या मुठीकडे. तोंड उघडून काहीतरी म्हणाली, शब्द फुटला नाही. मग मान मागे गेली, दातखीळ बसली, हातपाय ताठ होऊन झटके यायला लागले. एका बाईने "जय अंबे" म्हटलं. बाकीच्या मागे सरकल्या. समोरच्या विक्रमने गाडी काढली. तिला उचलताना तिचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं, बाळाचं पडतं तसं.

इथे आल्यावर कोणीतरी पेन मागितला तेव्हा मूठ उघडली. खडे घामाने विरघळून एकमेकांना चिकटले होते.

१ ऑक्टोबर, बुधवार

शुद्धीवर आहे. मला ओळखलं. "तुम्ही जेवले का?" हा तिचा पहिला प्रश्न.

डॉक्टर दीप्ती मॅडम वेदिकापेक्षा थोड्याच मोठ्या असतील. खुर्ची ओढून समोर बसल्या. म्हणाल्या, रक्तातली साखर इतकी कमी झाली होती की मेंदूला काही मिळतच नव्हतं. घाम, थरथर, भान हरपणं, भलतंच बोलणं, झटके, सगळं त्यामुळे. याआधी असं झालं की काय करायचात?

मी सगळं सांगितलं. देवी, ओट्या, प्रसाद. खाली पाहून सांगितलं.

वेदिका रात्रभर प्रवास करून आली होती. ती उसळली. "बाबा, आई मरत होती आणि तुम्ही हात जोडत होते?"

मॅडम तिला म्हणाल्या, "साखरच देत होते ते. दर वेळी. म्हणून तर आई आज इथे आहे." मग मला विचारलं, "खडीसाखर द्यायची कोणी सांगितलं होतं?"

"रीत आहे आमच्याकडे."

"चांगली रीत आहे," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत.

त्यांनी एवढं बोलावं आणि मला त्याने सुटल्यासारखं वाटावं, असं झालं नाही. परवा दिली म्हणून वाचली, तर काल दिली नाही त्याचं काय?

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. वेदिकाने खालून आपट्याची पानं आणली आणि हर्षाच्या उशाशी ठेवली. सलाईनमधून साखर सतत चालू आहे. ती थांबवली की पुन्हा खाली जाते. असं का होतं, ते शोधत आहेत. आधी पोटातल्या ग्रंथीचा संशय होता, तिथे काही निघालं नाही.

आज मॅडमनी हर्षाचा हात धरून बोटं पाहिली, बराच वेळ.

"ही बोटं अशी कधीपासून?"

मी अंगुस्तानाचं सांगितलं. त्यांनी लगेच छातीचा एक्स-रे काढायला पाठवलं. बोटांचा आणि छातीचा काय संबंध, मला कळेना. संध्याकाळी मॅडमनी एक्स-रेची फिल्म दाखवली. डावीकडे फुप्फुस काळं दिसत होतं, जसं असायला पाहिजे. उजवीकडे खालचा अर्धा भाग पांढरा, कोणी चुना लावल्यासारखा.

"गाठ आहे," मॅडम म्हणाल्या.

हर्षाला सांगितलं नाही. तिने मला आपट्याचं पान दिलं आणि म्हणाली, "सोनं घ्या. तोंड असं काहून करून राहिले सणाच्या दिवशी?"

४ ऑक्टोबर, शनिवार

सुई घालून गाठीचा तुकडा काढला. तपासायला गेला आहे. चार-पाच दिवस लागतील म्हणतात.

गाठ हा शब्द मी दिवसभर ऐकतो. दुकानात दोऱ्याला गाठ, रेशमाला गाठ. इथे तो ऐकला की बाकड्यावरची माणसं मान वळवून दुसरीकडे पाहतात.

दवाखान्याच्या जिन्याखाली कोणीतरी देवीची तसबीर लावली आहे. तिच्यासमोर उभा राहिलो. इतके दिवस जिच्याशी बोललो ती कोण होती? देवी नव्हती, तर हर्षा होती. मग नान्या म्हणाली ती हर्षा. थंडी वाजते म्हणाली ती हर्षा. घरी ने म्हणाली तीही. माझ्या आईने मला नान्या म्हटलेलं तिने ऐकलं नसेल का? दहा वर्षं आईची सेवा तिनेच केली.

हात जोडले आणि काही न मागता परत आलो.

६ ऑक्टोबर, सोमवार

हर्षाला कळलं. लपवण्यात मी कच्चा आहे.

"कॅन्सर आहे का जी?"

"अजून माहीत नाही."

ती छताकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "वेदिकाच्या लग्नासाठी नथ ठेवली आहे, कपाटात मोठ्या पातेल्यात. अन् यमुताईले म्हणा, ओटीत आलेल्या चार साड्या त्या बायायले परत नेऊन द्या. मी काही देवी नव्हती."

"त्या परत घेणार नाहीत."

"मंग मी नेसते," म्हणाली. "दवाखान्यातून जिती निघाली तं."

तिची बोटं मी हातात धरून बसलो. पुष्कळ वेळ. कोणी पाहिलं तरी सोडली नाहीत.

९ ऑक्टोबर, गुरुवार

कॅन्सर नाही.

एवढं लिहून दोन ओळी कोऱ्या सोडल्या, त्या तशाच राहू देतो.

मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. फुप्फुसावर एक पातळ पडदा असतो. त्या पडद्यातून ही गाठ निघाली. मी विचारलं, "ब्लाऊजला आतून अस्तर असतं तसं?"

"अगदी तसं. तुमचं कापड चांगलं आहे, अस्तराला गाठ आली आहे."

नाव लांबलचक इंग्रजी आहे, वेदिकाने लिहून घेतलं. अशा गाठी क्वचितच होतात, बहुतेक साध्या असतात, हळूहळू वर्षानुवर्षं वाढतात, शरीरात पसरत नाहीत. पण मोठी झालेली एखादी गाठ रक्तात असं काही सोडते की पोट रिकामं असलं की साखर पार खाली जाते. म्हणून पहाटे. म्हणून उपासाच्या दिवशी. काढली की साखर आपोआप ठिकाणावर येईल. पुढे दरवर्षी तपासायचं, क्वचित पुन्हा येते.

मी विचारलं, "किती वर्षांपासून असेल?"

"सांगता येत नाही. बरीच वर्षं."

मी रोज तिच्या शेजारी झोपत होतो. साडीतला एक दोरा ताणला गेला तर मला अंधारात बोटाने समजतो.

११ ऑक्टोबर, शनिवार

ऑपरेशन झालं. ती आत असताना वेदिका आणि मी एकाच बाकावर बसलो होतो. दहा दिवसांत ती माझ्याशी धड बोलली नव्हती. दुपारी न विचारता तिने चहा आणून माझ्या हातात दिला.

नंतर सर्जननी आम्हाला दाराशी बोलावलं आणि स्टीलच्या तबकात गाठ दाखवली. नारळाएवढी असेल. पांढरट, गुळगुळीत, एका बाजूला देठ. मला वाटलं होतं काहीतरी काळं, ओंगळ असेल. ती बाजारातल्या फळासारखी दिसत होती. माझे हात आपोआप जुळले. कोणाला, ते मला माहीत नाही. सवय असेल. सर्जन गोंधळले. वेदिकाने पाहिलं. थोड्या वेळाने तिने माझ्या कोपराला धरून मला बाजूला घेतलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आज पहिल्यांदा साखरेचं सलाईन बंद करून पहाटे रक्त तपासलं. पोट रिकामं होतं. मी तिच्याकडे टक लावून पाहत होतो. घाम नाही. हात स्थिर. साखर ठीक.

"काय पाहता?" हर्षा म्हणाली. "आता नाही येत मी अंगात."

दुपारी यमुताई आल्या. दारातच थांबल्या. दोन आठवड्यांत म्हाताऱ्या दिसायला लागल्या आहेत. हर्षाच्या पायाला हात लावायला वाकल्या तशी हर्षाने पाय ओढून घेतले, "अवो ताई, टाके आहेत, मले वाकून अडवता येत नाही, असं करू नका!"

बाहेर त्या मला म्हणाल्या, "मी थांबवलं होतं तुम्हाला."

"मी थांबलो होतो," मी म्हटलं.

त्यांनी डब्यात मुगाचं वरण आणलं होतं, बिनतिखटाचं. आता रोज आणीन म्हणाल्या. आणू द्यावं.

१९ ऑक्टोबर, रविवार

घरी आलो. पायऱ्या ती थांबत थांबत चढली, पण दम लागला नाही. दाराशी उभी राहून म्हणाली, "आणलं बापा घरी." सहजच म्हणाली. मला पुढचं दिसेना, कुलपाला किल्ली लागेना. वेदिकाने किल्ली घेतली.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. शेठनी दिवाळीची सुट्टी दिली, आणि काल संध्याकाळी मी दुकानात गेलो तेव्हा गादीच्या या बाजूला, गिऱ्हाईक बसतं तिथे बसलो. पोरांनी हसत साड्या दाखवल्या. मी सगळ्या उलगडून उजेडात धरून पाहिल्या. एकीत दोष नव्हता ती घेतली, जांभळी. शेठ म्हणाले, "नानाजी, डागी नाही पाहिजे?" म्हटलं, नको.

हर्षाने साडी उलटी करून पाहिली, मग सुलटी. दोष शोधत होती. सापडला नाही. म्हणाली, "फॉल मीच लावीन. टोपी जाते का पाहू." अजून जात नाही. मॅडम म्हणाल्या होत्या, हळूहळू बोटं उतरतील.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. तिचा भाऊ येऊन गेला. वेदिका आज पुण्याला परत गेली. स्टेशनवर म्हणाली, "बाबा, दिवा लावत जा. पण आईचं पण पाहत जा."

घरी आलो. हर्षा अंगणात खुर्चीवर बसली होती. मी तिच्यासमोर पायरीवर बसलो, बायका बसायच्या तसा. साड्या दाखवताना तोंड थांबत नाही माझं, आज शब्द जुळेना.

"हर्षा, तू सुखी आहे का?"

"काय झालं जी तुम्हाले?"

मग सगळं सांगितलं. पहाटेचं. तिने मला नान्या म्हटल्याचं. देवी समजून मी हा प्रश्न कोणाला विचारला होता आणि काय उत्तर मिळालं.

तिने तोंडावर पदर घेतला. मला वाटलं रडते. हसत होती, टाक्यांवर हात दाबून. "हसवू नका, दुखते! मी तुम्हाले नान्या म्हटलं?"

"म्हटलं."

"अन् तिलेच विचार म्हटलं?"

"हो."

हसू थांबलं. ती अंगणातल्या रांगोळीकडे पाहू लागली. "मंग बरोबरच म्हटलं नं," म्हणाली. "इतके दिवस काहून नाही विचारलं?"

मी पायरीवरच्या पणतीची वात सारखी केली.

ती म्हणाली, "असं एकदम विचाराल तं मले काय सांगता येईन? मी कधी पाहिलंच नाही तिकडे. रोज विचारत जा. एखाद दिवशी सांगीन."

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवा लावला. देवघरातली खडीसाखर तिथेच आहे, काढली नाही.

विचारलं. "आधी चहा पिऊ द्या," म्हणाली.

२५ ऑक्टोबर, शनिवार

विचारलं. "आज कालच्यापेक्षा बरं आहे," म्हणाली. मग दुकानात निघताना मागून हाक आली, "अन् तुम्ही हो?"